रेडिओवर गेलेला बाप

वॉर्डेल गावात मतं दोन ठिकाणी बनायची. देवाबद्दलची लूथरन चर्चमध्ये आणि बाकी सगळ्या जगाबद्दलची एल्विन ड्रेयरच्या केस कापायच्या दुकानात. चर्च आठवड्यातून एकदा उघडायचं. एल्विनचं दुकान रविवार-सोमवार सोडून रोज उघडं असायचं, त्यामुळे गावात देवापेक्षा एल्विनचंच जास्त ऐकलं जायचं, असं खुद्द एल्विनला वाटे.

दुकान त्याच्या बापाचं, एमिल ड्रेयरचं. खुर्ची तीच, आरसा तोच, भिंतीवर बियाणं कंपनीचं कॅलेंडर तेवढं दर वर्षी नवं. केस कापण्यात एल्विन बरा होता. मान साफ ठेवायचा, कानामागे पावडर मारायचा, पण गावानं त्याच्याकडे यायचं कारण त्याचे हात नव्हते, त्याची जीभ होती. एकदा का माणसाच्या गळ्याभोवती कापड आवळलं की तो उठून जाऊ शकत नाही. सगळं जग हिंडून आलेल्या पुढाऱ्यालाही असा श्रोता मिळत नाही. एल्विनला तो दिवसाकाठी आठ-दहा वेळा मिळायचा.

त्याची मतं सांगायला सोपी होती. घरची बाई जशी संसार चालवते तसा सरकारनं देश चालवावा, जमेपेक्षा जास्त खर्चू नये. करानं माणूस वाकतो आणि वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी चार जण चढतात. वॉशिंग्टनमधल्या लोकांनी मक्याचं कणीस फक्त ताटात पाहिलेलं असतं. आणि सगळ्यात लाडकं मत : फुकटचं खाणाऱ्याचा हात आधी मऊ होतो, मग त्याचा कणा. यातल्या एकाही गोष्टीला गावात कुणाचा विरोध नव्हता. नेब्रास्कातल्या त्या कोपऱ्यात विरोध करणारा माणूस शोधायला शेजारच्या काउंटीत जावं लागलं असतं. पण पाठ असलेली प्रार्थना पाद्र्याच्या तोंडून ऐकायला जसं बरं वाटतं, तसं लोकांना एल्विनच्या तोंडून बरं वाटे.

आणि मग रेक्स हॅलरन आला.

आला म्हणजे रेडिओवर आला. दुकानातला रेडिओ दुपारी धान्याचे आणि डुकरांचे भाव ऐकण्यापुरता लागायचा. एका सकाळी गस थीसननं, म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचे भाग विकणाऱ्या आणि विकण्यापेक्षा दुकानातल्या बाकड्यावरच जास्त वेळ काढणाऱ्या गसनं, सुई फिरवली आणि दूरच्या शहरातून एक भरदार, उबदार, लोणी लावलेला आवाज दुकानात शिरला. एल्विन तेव्हा शाळेच्या कराबद्दल बोलत होता. ऐन रंगात आलेला.

"श्श!" गस म्हणाला.

बापाच्या काळापासून त्या दुकानात एल्विनला कुणी गप्प केलं नव्हतं. त्याला वाटलं, कुत्र्याला म्हणाला असेल. पण दुकानात कुत्रं नव्हतं.

रेक्स हॅलरन रोज सकाळी तीन तास बोलायचा, सहा राज्यांत ऐकू जायचा. आणि काय बोलायचा? घरच्या बाईसारखा खर्च करा. कर कमी करा. वॉशिंग्टनवाल्यांच्या नखांत माती शिरू द्या. फुकटचं वाटू नका. सगळं तेच! रेक्सचं एखादं मत जरी चुकीचं असतं तरी एल्विन सुखी झाला असता. त्यानं त्याला सोलून काढला असता. पण तीन तासांत खोडून काढायला एक वाक्य सापडत नव्हतं. आपल्याच शेतातलं पीक दुसऱ्याच्या ट्रकमधून बाजारात जाताना बघावं आणि लोकांनी त्या ट्रकवाल्याची पाठ थोपटावी, तसं त्याला होई.

एकदा रेक्स म्हणाला, "सरकार म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डावर गावाला मेजवानी देणारा मेव्हणा!" लायल पॉस्पिशिल खुर्चीत इतका हसला की त्याच्या कानाजवळ कात्री लागली.

"मेव्हणा! अरे, काय माणूस आहे!" लायल डोळे पुसत म्हणाला.

"मागच्या हिवाळ्यात मी म्हणालो होतो," एल्विननं आठवण दिली, "सरकार म्हणजे दुसऱ्याच्या शेतात गुरं चारणारा शेजारी."

"म्हणाला असशील," लायल म्हणाला. "आवाज वाढव जरा, गस."

पिकतं तिथं विकत नाही, हे खरंच आहे. एल्विन त्या दिवशी दुपारचं सँडविच न खाता घरी गेला.

तो सूडही घ्यायचा, पण न्हाव्याला झेपेल एवढाच. केस कापायचं विजेचं यंत्र सुरू केलं की त्या जुन्या रेडिओत खरखर माजायची. रेक्स एखादी गोष्ट रंगवत रंगवत शेवटच्या वाक्यापर्यंत आणायचा आणि नेमकं तेव्हाच एल्विन कुणाच्या तरी मानेवर यंत्र चालवायचा. खर्रर्र! लोक बाकड्यावरून पुढं झुकून ऐकायचे आणि हातात खरखर यायची. हे महिनाभर चाललं. मग गसच्या ध्यानात आलं.

"तुझं मशीन अडाणी आहे की तू?" त्यानं विचारलं. तेव्हापासून रेक्सचे तीन तास एल्विननं नुसत्या कात्रीनं काम करायचं असं ठरलं. ठरवलं कुणी? गिऱ्हाइकांनी. त्याच्याच दुकानात.

घरी अर्डिथपुढं तो कुरकुर करायचा. बेचाळीस वर्षांच्या संसारात अर्डिथनं त्याची सगळी मतं ऐकली होती आणि निम्मी मान्यही केली होती.

"तो खोटं बोलतो का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मूर्ख आहे?"

"नाही गं. बरोबर बोलतो. सगळं बरोबर बोलतो!"

"मग तोंड असं का? एल्विन, याला जळणं म्हणतात."

"मी? एका खोक्यावर जळू?" असं म्हणून त्यानं तिनं भाजलेल्या गोड रूबार्ब-पायची बशी न खाता दूर सरकवली. रूबार्ब-पाय त्यानं आयुष्यात कधी परत पाठवला नव्हता.

एकदा गसनं दुकानातल्या फोनवरून रेक्सला फोन लावला होता. त्या दिवशी सगळ्यांना एक गंमत कळली. फोनवर बोललेलं रेडिओवर लगेच येत नाही, चांगल्या अर्ध्या मिनिटानं येतं. कुणी शिवी हासडली तर मधल्या मधे कापता यावी म्हणून तशी सोय असते. गस जमिनीच्या कराबद्दल अडखळत बोलला आणि मग तेच अडखळणं रेडिओतून पुन्हा ऐकू आलं. "एकाच सकाळी दोनदा गाढव ठरलेला पहिला माणूस!" लायल म्हणाला. पण गसची छाती आठवडाभर फुगलेली होती. रेक्स त्याला 'माझा मित्र गस' म्हणाला होता. एल्विनच्या दुकानात गस वीस वर्षं बसत होता. एल्विननं त्याला कधी मित्र म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायची वेळ गेली होती.

ऑगस्टात काउंटीची जत्रा भरली. त्या वर्षी रेक्स हॅलरन स्वतः येऊन जत्रेतून कार्यक्रम करणार होता. गावात दुसरा विषय नव्हता. एल्विननं ठरवलं, जायचं नाही. सगळं गाव ट्रॅक्टरांची ओझी ओढायची शर्यत बघायला गेलं आणि हा मोकळ्या दुकानात वस्तरा पारजत बसला.

घंटी वाजली. दारात एक बुटका, घामेजलेला माणूस उभा होता. पट्ट्यावर पोट आलेलं, तोंडात खोकल्याची गोळी.

"दाढी होईल का?" त्यानं विचारलं.

आवाज! एल्विनच्या हातातला वस्तरा थांबला. तो लोणी लावलेला आवाज या एवढ्याशा माणसातून निघत होता.

आता बघा, दैवाचा खेळ. वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो मागं रेलून, डोळे मिटून, गळा उघडा टाकून समोर बसलेला आणि हातात वस्तरा. एल्विन सज्जन माणूस होता, त्यानं फक्त ठरवलं की एक शब्द बोलायचा नाही. गरम टॉवेल टाकला, फेस लावला. गप्प.

"घसा जपायचाय मला," टॉवेलखालून रेक्स म्हणाला. "तुम्ही बोला. इथली माणसं काय म्हणतायत?"

इथली माणसं काय म्हणतायत! वर्षभर हा प्रश्न एल्विनला कुणी विचारला नव्हता. बांध फुटला. एल्विन करांवर बोलला, शाळांवर बोलला, परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालावर बोलला, गुरं चारणारा शेजारीसुद्धा काढला. रेक्स डोळे मिटून ऐकत होता. मधे बोलत नव्हता, आवाज वाढव म्हणत नव्हता. असा श्रोता त्या खुर्चीत कधी बसला नव्हता, आणि त्या अर्ध्या तासात एल्विनच्या पोटातलं सगळं दुखणं कुठल्या कुठं गेलं. खरं सांगायचं तर त्याला तो माणूस फार आवडला. आणि माणूस आवडला की एल्विन आपली शेवटची, ठेवणीतली गोष्ट काढायचा, ती त्यानं काढली. बापाची.

धुळीच्या वादळांची वर्षं होती. भर दुपारी दिवे लावावे लागत. काउंटीत रिलीफ सुरू झालं होतं, सरकारचं फुकट धान्य आणि डबे. सरकारचा माणूस हातात कागद घेऊन एमिल ड्रेयरच्या दुकानात आला. म्हणाला, सही करा, घरात पाच लेकरं आहेत. एमिलनं त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं, गरम पाण्यानं त्याची झकास दाढी केली आणि पैसे घ्यायला नकार दिला. "जा," म्हणाला, "वरती जाऊन सांग, आज एका न्हाव्यानं सरकारला रिलीफ दिलं."

रेक्सनं डोळे उघडले.

"ते शेवटचं पुन्हा सांगा," तो म्हणाला.

एल्विननं पुन्हा सांगितलं. दोनदा सांगितलं. जाताना रेक्सनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. एल्विननं दाढीचे पैसे घेतले नाहीत; बापाचं रक्त ते!

त्या रात्री त्यानं अर्डिथचा रूबार्ब-पाय दोनदा वाढून घेतला.

पुढचा मंगळवार. दुकान भरलेलं, लायल खुर्चीत, अर्ध्या डोक्याचे केस उतरलेले. रेडिओवर रेक्स फुकटखाऊ लोकांवर बोलत होता. मग त्याचा आवाज खाली आला, हळवा झाला.

"मित्रांनो, मी आज तुम्हाला माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो. ते न्हावी होते."

एल्विनची कात्री हवेत राहिली.

धूळ आली. भर दुपारचे दिवे आले. पाच लेकरं आली. सरकारचा माणूस आला, खुर्चीत बसला, त्याच्या गालावर फेस चढला. आणि रेक्स हॅलरननं, रंगवत रंगवत, एल्विनला आयुष्यात जमलं नव्हतं अशा थाटात ते वाक्य टाकलं. "आज एका न्हाव्यानं सरकारला रिलीफ दिलं!"

गसनं रुमाल काढून नाक शिंकरलं.

"याला म्हणतात माणूस," लायल म्हणाला. "असा आजा असावा."

"तो माझा बाप आहे," एल्विन म्हणाला.

"काय?"

"ती गोष्ट माझ्या बापाची आहे! याच खुर्चीत घडली! मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलीय!"

गसनं कपाळाला आठ्या घातल्या. प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "हो रे," तो म्हणाला, "तू असलं काहीतरी सांगायचास खरं. म्हणजे रेक्सची गोष्ट ऐकून तू आपल्या बापाच्या नावावर खपवत होतास होय?" आणि मग समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे. गोष्ट आहेच तशी. मलाही मोह झाला असता."

माणसाचा तिळपापड व्हायलाही काही मर्यादा असते. मतं गेली, चालली. श्रोते गेले, गिळलं. पण बाप? एमिल ड्रेयर चर्चच्या मागं पुरलेला होता, त्याची खुर्ची इथं होती, आणि तो एका लोणकढ्या आवाजाचा आजा होऊन सहा राज्यांत फिरत होता. आणि वर एल्विनच चोर! एल्विननं कात्री ठेवली, भिंतीवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. तो नंबर दिवसातून वीस वेळा सांगितला जायचा. गावातल्या लेकरांनाही पाठ होता.

एका मुलीनं नाव, गाव, विषय विचारला.

"एल्विन, वॉर्डेल. त्याच्या आजोबांबद्दल बोलायचंय."

"छान! आज सगळे रडतच फोन करतायत," मुलगी म्हणाली आणि त्याला रांगेत घातलं. लायल कापडाखालून मान वळवून बघत होता. शेवटी फोनमधून तो आवाज आला.

"एल्विन, वॉर्डेलहून! बोला, मित्रा."

"तो माझा बाप होता," एल्विन म्हणाला. "तुमची दाढी करताना मी सांगितलं तुम्हाला."

रेक्स हसला, अगदी मायेनं. "ऐकलंत? मी म्हणतो ते हेच. ज्याला त्याला वाटतं, हा माझाच बाप. कारण या देशात घरोघर असेच बाप होते!" आणि तो त्या बापांवर बोलतच राहिला.

मागं दुकानातल्या रेडिओवर आत्ता कुठं एल्विनचं वाक्य पोचत होतं : तो माझा बाप होता. स्वतःचाच आवाज, बारीक, चिरका, भांडकुदळ. त्या आवाजावर एल्विननंही विश्वास ठेवला नसता.

"मग सांगा," तो ओरडला, "त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या आजोबांच्या घरात काय शिजलं?"

"अभिमान शिजला, एल्विन," रेक्स तत्काळ म्हणाला. "नुसता अभिमान."

"ग्रेपफ्रूट शिजलं!"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि मग थांबवता येईना. साठ वर्षं दाबून ठेवलेलं ते. "ग्रेपफ्रूट! दाढी करून घेताना त्या माणसानं माझ्या बापाच्या कानात सांगितलं, बायकोला कोर्टाच्या मागच्या दाराशी पाठवा, तिथं सही लागत नाही. आणि बापानं पाठवलं! आई मागच्या दारानं गेली आणि पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, पीठ, मांसाचे डबे आणि पिवळी पिवळी, संत्र्यासारखी सोलून खायची फळं घेऊन आली. रिलीफचं होतं सगळं. तसलं फळ आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नव्हतं. आईला वाटलं, भोपळ्यातला प्रकार असेल. तिनं ते मीठ घालून उकडलं. कडू जहर! बापानं पहिला घास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि अख्खं ताट संपवलं. म्हणाला, कुणी विचारलं तर टेक्ससच्या मावशीनं पाठवलंय म्हणून सांगा. टेक्ससमध्ये आम्हाला कुणीही मावशी नव्हती! आता सांग, हे होतं का तुझ्या आजोबांचं? नेशील का हेसुद्धा?"

फोनमध्ये टक् असा आवाज झाला आणि मग नुसती घरघर.

एल्विन वळला. दुकानातली सगळी माणसं रेडिओकडे बघत होती. रेडिओ अजून मागं होता, वाट चालून येत होता. "...त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या आजोबांच्या घरात काय शिजलं?" रेडिओतल्या एल्विननं विचारलं. "अभिमान शिजला, एल्विन," रेडिओतला रेक्स म्हणाला. "नुसता अभिमान." आणि लगेच बँजो वाजला आणि मक्याच्या बियाण्याची जाहिरात सुरू झाली.

ग्रेपफ्रूट आलंच नाही. सहा राज्यांत अभिमान शिजला होता. ग्रेपफ्रूट शिजलं होतं ते फक्त या दुकानात.

एल्विननं फोन जागेवर ठेवला. बाप परत मिळाला होता, पण आता तो कुणीही चोरून नेण्यासारखा राहिला नव्हता. फुकटचं खाणाऱ्याचा कणा मऊ होतो, हे एल्विन ज्या खुर्चीमागं उभा राहून आयुष्यभर सांगत आला, त्याच खुर्चीमागं तो पुन्हा येऊन उभा राहिला, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

जाहिरात संपली. "तर मित्रांनो," रेक्स म्हणाला.

"श्श," गस म्हणाला, आणि सवयीनं एल्विननं तोंड मिटलं. पण गस उठला, रेडिओपाशी गेला आणि त्यानं तो बंद केला. मग बाकड्यावर येऊन बसला आणि एल्विनकडे बघू लागला. सगळेच बघत होते.

वर्षभर याच शांततेसाठी एल्विन जळत होता. ती आता पुढ्यात होती, अख्खं दुकान त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्याच्याजवळ मत म्हणून एकही उरलं नव्हतं. त्यानं कात्री उचलली. लायलच्या अर्ध्या डोक्याकडे बघत राहिला.

लायल पॉस्पिशिलनं आरशातून त्याच्याकडे बघितलं नाही. लायल, जो रिलीफ घेणाऱ्याला मतदानाचा हक्क नसावा असं म्हणायचा. तो कापडाखाली आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"उकडलं होतंत होय?" तो म्हणाला. "आमच्या आईनं तळलं होतं."